काशी, पेला आणि पोट

ग्लासगोमधल्या माझ्या पहिल्या पेशंटने मला सांगितलं, की त्याला ऑक्सटरमध्ये गाठ आली आहे. मी पेन काढलं, कागदावर 'ऑक्सटर' लिहिलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "मग तिथल्या डॉक्टरांना दाखवलीत का?"

तो बिचारा जहाजगोदीत काम केलेला म्हातारा. त्याने शर्ट काढला आणि हात वर केला. ऑक्सटर म्हणजे काख. स्कॉटलंडात शेंबड्या पोरालाही माहीत असलेला शब्द. मी मात्र त्या गावाला जाणारी ट्रेन शोधत होतो.

हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी कुडाळचा, मुंबईत शिकलेला, एफआरसीएस ही सर्जनची पदवी घ्यायला इकडे आलेला. सर्जनला हात चांगले हवेत, डोळे चांगले हवेत, आणि कान असले नसले तरी चालतं, अशी माझी समजूत होती. शरीर काय, सगळीकडे सारखंच. ही समजूत मी दहा वर्षं सांभाळली. ती कुणी आणि कशी काढून घेतली, ते सांगतो. त्यात माझी भरपूर शोभा आहे; पण आता मी रिटायर्ड आहे, पेन्शन कुणी काढून घेऊ शकत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला मी इंग्लंडातल्या रीडिंग शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका लहान हॉस्पिटलात सर्जिकल रजिस्ट्रार होतो. आता ते हॉस्पिटल पाडून तिथे फ्लॅट्स झालेत. रजिस्ट्रार म्हणजे मधला माणूस: वरचा कन्सल्टंट गोल्फला, खालचा हाउस ऑफिसर रडकुंडीला, आणि मधले आपण. आमच्यासारखे परदेशी त्या मधल्या पायरीवर जरा जास्तच वर्षं उभे असत. असो. तो राग आता राहिला नाही; म्हणजे थोडा आहे, पण या गोष्टीत त्याचं काम नाही.

आखाती युद्ध होऊन गेलं होतं. एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, अँब्युलन्समधून सत्तरीची एक बाई आली. वरीना तिचं नाव. काटकुळी, डोक्याला काळा रुमाल, अंगावर एकावर एक तीन झगे. आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या. शेजारच्या इंग्रज बाईने अँब्युलन्स बोलावली होती. तिने सांगितलं, की ही इराकहून आली आहे, मुलाजवळ राहते, मुलगा बेकरीत कामाला जातो. कुठल्या बेकरीत, ते तिला माहीत नव्हतं. तिने त्यांच्या दाराला चिठ्ठी लावून ठेवली होती.

फॉर्मवर 'देश' असा रकाना होता. मी 'इराक' लिहिलं आणि त्याच्या शेजारी, कुणी न विचारता, 'अरेबिक' असंही लिहिलं. हे माझं पहिलं पाप.

मी पलंगाजवळ गेलो आणि हातवारे करून विचारलं, काय होतंय? म्हातारीने माझ्या डोळ्यात डोळे घालून स्पष्ट सांगितलं:

"कासी क्मरा."

आता माझी आई मालवणी. मालवणीत 'ला'च्या जागी 'क' लागतो. 'घराला' नाही म्हणत, 'घराक' म्हणतात. त्यामुळे माझ्या कानात काय शिरलं असेल? "काशीक मरा!" काशीला जाऊन मरा! इराकची म्हातारी, इंग्लंडातल्या पलंगावर, शुद्ध मालवणीत मला शिव्या घालत होती. आणि तेही आदरार्थी बहुवचनात.

मी इतका दचकलो, की तोंडातून निघून गेलं, "कित्याक मरू गे आये?"

तिने पुन्हा तेच सांगितलं. या वेळी जास्त जोरात.

वॉर्डच्या सिस्टर होत्या अन्नम्मा, केरळच्या. वीस वर्षं इंग्लंडात, पण बोलताना मान अजून तशीच हलायची. त्या म्हणाल्या, "डॉक्टर सामंत, काय म्हणते ती?"

"ती मला काशीला पाठवते आहे."

"इतक्या लवकर? अजून तुम्ही काही केलं पण नाहीत."

अरबी येणारा एकच माणूस हॉस्पिटलात होता: निझार, आमचा भूलतज्ज्ञ, दमास्कसचा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच मधल्या पायरीवर अडकलेला, म्हणून दोस्त. मी त्याला कॅन्टीनमधून उचलून आणला. त्याने म्हातारीला सलाम केला. तिने "श्लामा" असं उत्तर दिलं. निझार म्हणाला, "हिचा उच्चार जरा गावठी आहे, पण चालेल."

हे त्याचं पाप.

म्हातारीने त्यालाही तेच ऐकवलं. कासी क्मरा. निझारने क्षणभर विचार केला आणि चेहरा उजळला. "सोपं आहे रे. 'कासे' म्हणजे आमच्याकडे पेला. 'मरा' म्हणजे बाई. तिला पेलाभर पाणी हवंय, आणि ते बाईने द्यावं असं म्हणते आहे. लाजते आहे."

"नक्की?"

"थांब, विचारतो." त्याने अरबीत विचारलं, पाणी हवं का? 'माय' हा शब्द त्यात होता. म्हातारीने एकदम मान वर केली. "माया! हे, हे!" सीरियाकडे 'हो'ला 'ए' म्हणतात. निझारने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा शब्द जुळला, होकार जुळला. आणखी काय पुरावा हवा?

तिने कुठलाही झगा वर करू दिला नव्हता. मी कपड्यांवरूनच पोट दाबून पाहिलं, फुगलेलं वाटलं, आणि कागदावर लिहिलं: 'पोट बिघडलं असावं, लक्ष ठेवावं.' सिस्टर अन्नम्मा दुसऱ्या पेशंटकडे होत्या, म्हणून पेलाभर पाणी मीच माझ्या हाताने पाजलं. दहा मिनिटांत ते सगळं परत आलं. माझ्या बुटांवर.

वाचकांना इथे थोडं शिकवतो. सर्जनच्या पेशंटला, नक्की काय झालंय ते कळेपर्यंत, तोंडाने काहीही द्यायचं नसतं. ऑपरेशन करायची वेळ आली आणि पोटात पाणी असलं, तर भूल देताना ते श्वासनळीत जाऊ शकतं. त्यात माणूस मरतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. मी रजिस्ट्रार होतो. निझार तर भूलच देत असे. दोघांनी मिळून केलं.

दुपारी एकच्या सुमाराला मी परत वॉर्डात आलो, तेव्हा म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती. नाडी जलद झाली होती, ओठ सुकले होते. सिस्टर अन्नम्मा तिच्या पलंगाशी स्तब्ध उभ्या होत्या, हातात थर्मामीटर तसंच धरून.

"डॉक्टर, ही अरबी बोलत नाही."

"निझारने तर..."

"निझारला काय कळतंय? ही प्रार्थना करते आहे. 'श्मय्या' म्हणाली. श्मय्या म्हणजे आकाश. आमच्या चर्चमध्ये म्हणतात. लहानपणी अर्थ न कळता पाठ केलेलं. हे सुरियानी आहे!"

केरळात सुरियानी ख्रिश्चन असतात, एवढं मला माहीत होतं. पण हे नाव सुरियानी भाषेवरून आलं, ती भाषा इराकच्या बाजूची, आणि तिची बोली अजून घरात बोलणारी माणसं आहेत, हे माझ्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. अन्नम्मांनी म्हातारीचा हात धरला आणि आपल्या आजोळच्या चर्चमधली एक ओळ हळू आवाजात म्हटली. म्हातारीने डोळे उघडले. अन्नम्मा अडखळल्या, तर पुढची ओळ म्हातारीने पूर्ण केली. मग दोघींनी मिळून पुढची. एक कोट्टायमची, एक मोसुलच्या उत्तरेकडच्या खेड्यातली. उच्चार जुळत नव्हते, पण ओळी जुळत होत्या.

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. तीन-चार मिनिटांनी अन्नम्मांचा आवाज आला, अगदी सपाट, म्हणजे गंभीर:

"डॉक्टर. जांघेत गाठ आहे. उजव्या बाजूला. कडक."

म्हातारीने अन्नम्मांना झगे वर करू दिले होते.

जांघेत एक चिंचोळी फट असते. बारीक म्हाताऱ्या बायकांच्या आतड्याचा एखादा तुकडा त्या फटीतून बाहेर येतो आणि अडकतो. रक्त पोचणं थांबतं. काही तासांत तो तुकडा काळा पडतो, फाटतो, आणि मग फार थोडी माणसं वाचतात. गाठ लहान असते, अक्रोडाएवढी, कपड्याखाली सहज लपते. म्हणून नियम असा, की पोटाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईची जांघ तपासायची. हा नियम मी स्वतः ज्युनियर मुलांना ओरडून शिकवत असे. त्या दिवशी मला तो आठवला नाही, कारण मी पेला शोधत होतो.

दोन तास गेले होते. माझ्यामुळे.

दोनच्या सुमाराला मुलगा आला, हुर्मिज, चाळिशीचा, हातांवर पीठ तसंच. दारावरची चिठ्ठी वाचून धावत आला होता. मी त्याला ऑपरेशन समजावलं. त्याने आईला समजावलं. आई त्याच्यावरच ओरडायला लागली. माझ्याकडे बोट दाखवून ती नऊ-दहा वाक्यं बोलली, त्यातलं एक माझ्या ओळखीचं होतं.

"काय म्हणते?"

हुर्मिज लाजला. "म्हणते, मी सकाळपासून या डॉक्टरला सांगते आहे, माझं पोट दुखतंय. पोट दुखतंय! हा ऐकतच नाही. पाणी काय पाजतो!"

"कासी क्मरा," मी म्हणालो.

"हो. कासी म्हणजे माझं पोट. क्मरा म्हणजे दुखतं."

निझार माझ्या शेजारी उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशनच्या टेबलावर निझारने त्या दिवशी जी काळजी घेतली, ती मी आयुष्यात परत कुणाला घेताना पाहिली नाही. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, भूल देताना पोटातलं वर येऊ नये म्हणून थिएटरच्या सिस्टरला तिच्या कंठाखाली दाबून धरायला लावलं, आणि सगळा वेळ स्वतःला अरबीत काहीतरी ऐकवत होता. त्या शिव्या होत्या, एवढं मला भाषांतराशिवाय कळलं.

मी फट सैल केली आणि आतडं बाहेर काढलं. बोटभर तुकडा, जांभळट काळा. आता प्रश्न एवढाच: मेलाय की झोपलाय? मेला असेल तर कापायचा आणि जोडायचा. त्या वयाच्या, त्या अवस्थेतल्या बाईला ते पेलणं कठीण. आपण काय करतो, तर गरम सलाईनमध्ये भिजवलेला पॅड त्यावर गुंडाळतो आणि थांबतो. पाच मिनिटं. काही करायचं नाही. सर्जनला सर्वांत अवघड काम हेच असतं. निझार घड्याळाकडे बघत होता, मी पॅडकडे.

पॅड काढला. रंग तसाच. परत गुंडाळला.

दुसऱ्यांदा काढला, तेव्हा एका कडेला किंचित गुलाबी झाक होती. मी चिमट्याच्या टोकाने हळूच टिचकी मारली आणि ते आतडं, आळसावल्यासारखं, हललं. लाट गेली त्यातून. निझार डोकावून म्हणाला, "चालतंय?" मी म्हणालो, "चालतंय." एकतीस वर्षांत मी मोठमोठी ऑपरेशन्स केली, नंतर कन्सल्टंट झालो, मुलांना शिकवलं. पण अभिमान कशाचा वाटतो असं कुणी विचारलं, तर बोटभर आतडं गुलाबी झालं, ते सांगतो.

वरीनाबाई वॉर्डात बारा दिवस होत्या आणि तेवढ्यात त्यांनी वॉर्ड ताब्यात घेतला. निझार रोज येऊन बसायचा. अपराधी मनाने आधी, मग हौसेने. दोघांचा आकड्यांचा सामना चाले. ती म्हणे "त्लाथा", तो म्हणे "थलाथा". ती "अरबा", तो "अरबआ". ती "खम्शा", तो "खम्सा". पाचही बोटं संपली, की ती विजयाने काहीतरी म्हणे आणि हुर्मिज भाषांतर करी: "म्हणते, बघा, या पोराने सगळं आमच्याकडून चोरलंय."

"मी चोरलं?" निझार उसळून म्हणायचा. "कुराण आमच्या भाषेत आहे!"

"म्हणते, आमची त्याच्या आधीची आहे. येशू घरात हीच बोलायचा."

"सामंत, तू सांग. कोण मोठी?"

मी लायब्ररीत जाऊन वाचून आलो होतो, आणि नव्याने वाचलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. सांगितलं, की अरबी, हिब्रू आणि यांची अरेमाइक (सुरियानी हे तिचंच एक रूप) या बहिणी. बाबिलोनची जुनी भाषा त्यांची थोरली मावशी. तीन व्यंजनांचा सांगाडा असतो आणि मधले स्वर बदलून शब्द होतात. स-ल-म घ्या: यांचा श्लामा, त्याचा सलाम, ज्यूंचा शालोम. बहिणी असल्या, तरी एकीचा शब्द दुसरीच्या घरात वेगळ्या अर्थाने राहतो. आपल्याकडे 'शिक्षा' म्हटलं की छडी आठवते, हिंदीत शाळा. मग पेल्याचं पोट व्हायला काय वेळ लागतो? आणि मी स्वतः तरी कुठे परका होतो? वकील, तारीख, कायदा, हक्क, हे शब्द तोंडात घेऊनच आम्ही कुडाळात मोठे झालो. ते सगळे अरबी घरातूनच आलेले.

मग त्याच पुस्तकांत मला कंदाहारचा एक शिलालेख सापडला. सम्राट अशोकाचा. वर ग्रीक, खाली अरेमाइक. माझ्या छातीवर तो बसलाच. म्हणजे अशोकाने लेख कोरण्यापूर्वी कुणाला तरी विचारलं होतं, की बाबा, इथली माणसं काय बोलतात? इतक्या शतकांपूर्वी, एवढा मोठा राजा, त्याने विचारलं. मी फॉर्म भरताना नाही विचारलं.

हे लोक स्वतःला खाल्डियन म्हणवतात. शाळेच्या इतिहासात खाल्डियन म्हणजे आकाशाचा हिशोब ठेवणारे बाबिलोनचे ज्योतिषी. मी एकदा हुर्मिजला भारावून म्हणालो, "म्हणजे तुमचे पूर्वज तारे मोजायचे!"

तो म्हणाला, "डॉक्टर, मी पाव मोजतो." मग म्हणाला, की हे नाव त्यांचं चर्च रोमशी जोडलं गेलं तेव्हाचं आहे, पूर्वज कोण, यावर त्यांच्यातच भांडणं आहेत. "पण भाषा खरी आहे. आमच्या गावात भिंतीसुद्धा हीच बोलायच्या. आता गावात भिंतीच उरतील असं दिसतंय."

एवढं बोलून तो खाली बघायला लागला. त्याच्या आईला शब्द कळले नव्हते, पण त्याचा चेहरा कळला.

काशीची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. अन्नम्मांनी सांगून टाकली. हुर्मिजने भाषांतर केलं, हावभावांसकट. म्हातारी आधी समजली नाही, मग समजली, मग अशी हसायला लागली, की टाक्यांवर हात दाबून धरला आणि ओरडली, "कासी क्मरा! कासी क्मरा!" वॉर्डातल्या चार इंग्रज बायकाही हसायला लागल्या, कारण तोवर अर्थ सगळ्यांना पाठ झाला होता. पेशंटसमोर मी इतका लाल क्वचितच झालो असेन.

त्यानंतर आमच्या फॉर्मवर मी 'देश'च्या खाली हाताने एक ओळ काढू लागलो: 'घरात काय बोलता?' पहिले काही महिने क्लार्क बाई ती खोडायची. मी परत काढायचो. शेवटी तिने कंटाळून छापूनच आणली. माझ्या नावावर एकही शोधनिबंध धड नाही, पण ती छापील ओळ माझी आहे.

सहा आठवड्यांनी वरीनाबाई तपासणीला ओपीडीत आल्या. सोबत हुर्मिज, आणि सोबत दुसरी एक म्हातारी, तशीच काळ्या रुमालाची, त्याच आठवड्यात इराकहून आलेली. गुडघे धरून बसली होती. हुर्मिज म्हणाला, "ही आईची मैत्रीण. हिला इथे डॉक्टरांकडे जायची भीती वाटते. आईने तिला सांगितलंय, की एका डॉक्टरला आपली भाषा येते."

"हुर्मिज! मला पंधरा शब्द येतात. ते पण तूच शिकवलेस."

"मी सांगितलं. ती ऐकत नाही."

वरीनाबाईंनी खुर्ची ओढली, मैत्रिणीला शेजारी बसवलं आणि माझ्याशी बोलायला लागल्या. भरभर, हात हलवत, मध्येच प्रश्न विचारत. शेवटी थांबून उत्तराची वाट पाहू लागल्या. मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघत होती, जिवावर उदार होऊन आल्यासारखी. मी 'हे', म्हणजे हो, म्हणू शकलो असतो. 'ला', म्हणजे नाही, म्हणू शकलो असतो. अंदाजाने चालणं पूर्वी करून पाहिलं होतं. पाणी बुटांवर आलं होतं.

हुर्मिजने मला एक वाक्य शिकवलं होतं. ते मी आयुष्यात कुठल्याच भाषेत पेशंटसमोर उच्चारलं नव्हतं, सर्जन ते उच्चारत नाहीत.

"ला कीदन," मी म्हणालो. मला माहीत नाही.

वरीनाबाईंचा चेहरा फुलला. त्या मैत्रिणीकडे वळल्या, तिच्या गुडघ्यावर थाप मारली आणि काहीतरी म्हणाल्या. मैत्रीण पहिल्यांदाच हसली आणि स्वतःहून दुखरा गुडघा माझ्यापुढे केला.

मी हुर्मिजकडे पाहिलं.

"म्हणते, बघ, मी सांगितलं नव्हतं? आपली भाषा बोलतो."